पाइपाची दीपमाळ



दिवाळी तोंडावर आली की सोसायटीच्या सभेत रोषणाईचा विषय निघतो आणि बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत मिटतो. डेकोरेटरला फोन करायचा, गच्चीवरून माळा सोडायच्या, झालं. घराघरांतला आकाशकंदीलही आता बहुधा विकतचाच असतो. कामट्या, खळ आणि पतंगी कागद घेऊन मुलं जिन्यात पसरून बसली आहेत, असं फार क्वचित दिसतं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज एक काम सुचवतो. मोठी माणसं आणि मुलं मिळून एक-दोन रविवारांत करतील असं. प्लास्टिकच्या पाइपाची दीपमाळ.

दीपमाळ आपल्याला नवी नाही. जेजुरीचा गड चढताना दगडी दीपमाळा सोबतीला असतात. गोव्यात मंगेशीला देवळापुढे सात मजली दीपस्तंभ उभा आहे. तिकडे अमेरिकेत नाताळात लोक घरापुढच्या हिरवळीवर पांढऱ्या पाइपाचे खांब रोवतात आणि त्यांवर दिव्यांच्या माळा गुंडाळतात. आपण मात्र दिवे पाइपाच्या आत घालू आणि उजेड भोकांतून बाहेर येऊ देऊ.

त्यासाठी चार इंची पाइप घ्या, म्हणजे 110 मिलिमीटरचा. सांडपाण्यासाठी वापरतात तो चालतो. दहा फुटी नळातून पाच-पाच फुटांचे दोन खांब निघतात. कुठे बांधकाम चालू असेल तर उरलेले तुकडे विचारून पाहा, पुष्कळदा सहज मिळतात. पाइपावरची छापील अक्षरं बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. पाइप रंगवणार असाल तर तो सगळाच घासा, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर रंग टिकत नाही, पृष्ठभाग खरखरीत केल्यावरच धरतो.

आता नक्षी. या खांबाचा घेर साधारण साडेतेरा इंच भरतो. आपल्याकडे रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद असतो, तोच इथे कामाला येतो. इंच-सव्वा इंच अंतराच्या ठिपक्यांचा कागद पाइपाभोवती गुंडाळायचा, चिकटपट्टीने पक्का करायचा आणि पेन्सिलीने खुणा उतरवून घ्यायच्या. कुठे कमळ, कुठे कुयरी, कुठे नुसत्या तिरक्या रांगा. हे काम आजीकडे द्या. रांगोळीत हात बसलेल्या बाईला ठिपके जोडताना डोळ्यांपुढे फूल दिसतं, ते इलेक्ट्रिशियनला दिसणार नाही. ड्रिल मोठ्या माणसाने धरावं, पाइप मुलांनी दाबून धरावा, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवाच. सहा मिलिमीटरचं पातं पुरे. भोक पाडताना ड्रिलचं तोंड किंचित वरच्या दिशेला ठेवा, म्हणजे भोक बाहेरच्या बाजूला उतरतं होतं आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. खाली पडणारा पांढरा कीस गोळा करून कचऱ्यात द्या, शेकोटीत टाकू नका. हे प्लास्टिक जळलं की डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो.

आत उजेडासाठी बारा व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, सिलिकॉनचं आवरण असलेली. वायरिंगच्या बारीक पाइपावर ती नागमोडी गुंडाळायची, वर जिलेटीनचा रंगीत कागद सैलसर लपेटायचा आणि ते सगळं खांबात मधोमध सोडायचं. पट्टी हवी तिथे कापता येत नाही, तिच्यावर कात्रीची खूण असते, तिथेच कापावी.

एका गोष्टीबद्दल मी आग्रहाने बोलणार आहे. घरातली वीज 230 व्होल्टची असते. ती अंगणात, मुलांच्या हाताला लागेल अशी नेऊच नका. तिचे बारा व्होल्ट करणारा अ‍ॅडॉप्टर व्हरांड्यात, कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच बसवा. बाहेर जाऊ द्या ती फक्त बारा व्होल्टची वायर. खांब दूर असतील तर ती जाड घ्या, नाहीतर शेवटचा खांब मंद पेटतो. आणि ज्या बोर्डावरून वीज घ्याल तिथे गळती झाल्यास पुरवठा तोडणारा ब्रेकर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. रोषणाईच्या हौसेपायी एकाही पोराला धक्का बसता कामा नये.

दिवाळी लवकर आली तर परतीचा पाऊस हटकून गाठतो. दुपारी उकाडा आणि संध्याकाळी वारा-वीज. म्हणून खांबाच्या डोक्यावर घट्ट टोपण बसवा आणि तळाशी पाणी निघायला एक भोक ठेवा. फरसबंद आवारात खांब रोवता येत नाही. तिथे रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या, खांब मधोमध उभा करा आणि भोवती खडी ठासून भरा. भरलेली बादली तीसेक किलोंची होते, वाऱ्याला दाद देत नाही. सिमेंट ओतू नका, नाहीतर खांब पुन्हा निघणार नाही. बादलीलाही खाली भोक पाडा आणि बाहेरून गेरू फासा.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत खांब लावलेले असू द्या. मग खडी रिकामी करून ते जिन्याखाली आडवे ठेवा. वर्षभर उन्हात राहिला तर पाइप ठिसूळ होतो. आणि तो ठिपक्यांचा कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी शेजारच्या विंगवाले मागायला येतील.