आराखड्यापासून आखणीपर्यंत

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



गावाच्या विकासाचा आराखडा गावानेच तयार करावा, हा विचार आता नवा राहिलेला नाही. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद आहेत आणि पाणलोट विकास हा त्यांपैकी एक आहे. या अधिकाराबरोबर एक जबाबदारीही आपल्याकडे आली आहे. आराखड्यात 'पाणलोट विकासाची कामे करणे' एवढीच ओळ लिहून आपण थांबलो, तर ती एक सदिच्छा ठरेल. तिला नियोजन म्हणता येणार नाही. त्या एका ओळीतून उद्या सकाळी कोणी, कोठे आणि कोणते काम करावयाचे हे जेव्हा निघते, तेव्हा नियोजन सुरू होते.

कामाची फोड

मोठे काम पाहून मन दबते. त्याची फोड केली की ते आवाक्यात येते. पाणलोटाचे चार भाग सहज पडतात : डोंगरमाथा, उतार, शेतजमीन आणि नाला. माथ्यावर व उतारावर समतल चर व वृक्षलागवड, ओघळींत दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी नाल्यावरील बंधारे, अशी प्रत्येक भागाची कामे ठरतात. परंतु एवढ्यावर थांबता येत नाही. 'समतल चर खोदणे' हेही अजून मोठेच काम आहे. त्यात जमिनीची पाहणी, समपातळी रेषांची आखणी, मंजुरी, मजुरांची नोंदणी, खोदाई व मोजमाप अशी कामे दडलेली असतात.

फोड कोठवर करावी? त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे काम कोण करणार? ते केव्हा संपणार? आणि ते संपले हे कशावरून ओळखावयाचे? या तिन्ही प्रश्नांना एका वाक्यात उत्तर मिळाले की काम पुरेसे लहान झाले असे समजावे.

एक हिशेब करून पाहू. समजा, १० हेक्टर उतारावर ५,००० मीटर लांबीचे चर घ्यावयाचे आहेत. चराची रुंदी ६० सेंटिमीटर व खोली ३० सेंटिमीटर धरली, तर एकूण खोदाई ९०० घनमीटर होते. एक मजूर दिवसाला दीड घनमीटर खोदतो असे धरल्यास ६०० मनुष्यदिवस लागतील. म्हणजे ४० मजुरांना १५ दिवस. जमीन मुरमाड असेल तर हा आकडा बदलेल. म्हणून आधी थोडी खोदाई करून पाहावी आणि मगच हिशेब पक्का करावा. या त्रैराशिकामुळे 'उन्हाळ्यात चर खोदू' या मोघम वाक्याला तारीख मिळते.

क्रम आणि कालमर्यादा

कामांचा क्रम आपल्या सोयीने ठरत नाही. पाणी तो ठरविते. एक हेक्टर जमिनीवर केवळ १० मिलिमीटर पाऊस पडला, तरी ते पाणी एक लाख लिटर भरते. माथ्यावर ते अडविले नाही, तर उतारावरून वेग घेते, माती ओढते आणि खालचा बंधारा गाळाने भरते किंवा फोडते. म्हणून 'माथा ते पायथा' हा केवळ घोषवाक्याचा विषय नाही. बंधारा डोळ्यांत भरतो म्हणून तो आधी बांधला आणि वरचा उतार उघडाच राहिला, तर नुकसान होते ते नाल्याकाठच्या अल्पभूधारकाचे. त्याची वाहून गेलेली माती कोणत्याही पुढील तरतुदीतून परत आणता येत नाही.

पावसाळाही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून दिनदर्शिका जूनपासून मागे मोजावी. चर मे अखेर पुरे व्हावयाचे, तर आखणी व मंजुरी हिवाळ्यातच उरकली पाहिजे. पावसाळ्यात रोपे लावावयाची, तर पिशव्या भरण्याचे काम कितीतरी महिने आधी सुरू झाले पाहिजे. शेतकऱ्यांची संमती, अंदाजपत्रक, मंजुरी ही कागदावरची कामे असली, तरी त्यांनाही दिवस लागतात. त्यांची नोंद यादीत हवीच.

माणसांचा विचार

फोड करताना जे काम बहुधा राहून जाते, ते माणसांशी बोलण्याचे. डोंगरावर चराईबंदी केली की शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या भूमिहीन कुटुंबाने जावे कोठे? चाऱ्याची पर्यायी सोय हे चर खोदण्याच्या आधीचे काम आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांचे निर्णय ग्रामसभेतून घेतले. पुढे पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा प्रघातही त्या गावाने पाडला. चर आणि बंधारे टिकले ते अशा निर्णयांच्या आधारावर.

मजुरीचेही तसेच आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मजुरी आठवड्याला, आणि कोणत्याही परिस्थितीत पंधरवड्याच्या आत देण्याचा दंडक घालून दिला. मोजमाप लांबले की मजुरी लांबते आणि मजूर दुसरीकडे जातो. म्हणून 'दर आठवड्यास मोजमाप' हे यादीतील स्वतंत्र काम मानावे व त्यापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे.

फळ्यावरचा आलेख

हे सारे मांडण्यास मोठी साधने लागत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने कामे आणि काळ यांचा मेळ दाखविणारा आलेख प्रचारात आणला. तो शाळेच्या फळ्यावरही काढता येतो. डाव्या बाजूस कामांची नावे, वर आठवड्यांचे रकाने आणि प्रत्येक कामापुढे त्याच्या मुदतीएवढी रेघ. काम पुढे सरकेल तशी रेघ रंगवीत जावे. शिक्षकांनी मुलांकडून असा आलेख ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काढून घ्यावा. गणिताचा धडाही होईल आणि गावाला कामाचा हिशेबही दिसेल. कोणते काम दोन आठवडे थांबले तरी चालेल आणि कोणते थांबल्यास सर्वच कामे अडतील, हे या रेघांवरून कळते. आखणी लांबली तर खोदाई लांबते. फलक लावणे लांबले तर काही बिघडत नाही. आपले लक्ष व मनुष्यबळ पहिल्या प्रकारच्या कामांकडे वळवावे.

मित्रहो, पुढच्या ग्रामसभेत आराखडा वाचला जाईल, तेव्हा प्रत्येक ओळीला ते तीन प्रश्न विचारा : कोण, केव्हा आणि कशावरून? ज्या ओळीला उत्तर नसेल, ती तेथेच थांबवून तिची फोड करा. पहिल्या पावसाचे पाणी माथ्यावरच्या चरात थांबलेले गावाने पाहिले, म्हणजे आपले नियोजन कागदावरून शिवारात उतरले असे म्हणता येईल.