तेल पेटवून तेल काढताना
(रेडिओवरील भाषण)

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरू लागतात. आधी माती, मग मुरूम, मग काळा कातळ, मध्येच एखादा तांबडा थर, पुन्हा कातळ. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर राखाडी भुकटी उडत राहते आणि भोवती जमलेली माणसं एवढंच पाहत असतात, की ती ओली कधी होते. हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्याचा अखंड दगड पाणी देत नाही. पाणी असतं त्याच्या भेगांत, कुजलेल्या थरात, दोन लाव्हांच्या सांध्यात. त्यामुळे एका बांधाला पाणी लागतं आणि शेजारच्या बांधाला नुसती भुकटी निघते.

हाच काळा दगड गुजरातेत बडोद्याजवळ पादरा इथे तेल देतो.

हे कसं घडलं? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर पसरला, तसाच गुजरातेतही पसरला. खंबातच्या खोऱ्यात मात्र ती जमीन पुढे खचत गेली आणि कातळावर गाळाचे जाड थर साचले. तेल तयार झालं ते या गाळात. पादऱ्याला ते सरकत सरकत कातळाच्या भेगांत जाऊन बसलं, आपल्याकडे पाणी बसतं तसंच.

मग हिंगोलीच्या खाली तेल असेल का? इथे आशा लावणं बरोबर नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली गाळाचा जेमतेम ८ मीटरचा थर आणि मग थेट अतिप्राचीन स्फटिकी खडक. किल्लारी म्हणजे हिंगोली नव्हे, पण मराठवाड्याच्या पोटात काय आहे याचा तो एक खरा नमुना आहे. तेल पिकायला गाळाची जाडी लागते, ती तिथे नाही.

पण तेल सापडणं ही अर्धीच गोष्ट. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधलं, तेव्हा देशभर आनंद झाला. २१ मे १९७६ला या क्षेत्राचं, म्हणजे बॉम्बे हायचं, उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून तिथल्या अभियंत्यांची खरी झुंज चालू आहे ती दगडात अडकलेल्या तेलाशी. तेल काही तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत असतं. सुरुवातीला खालचा नैसर्गिक दाब ते वर ढकलतो. दाब उतरला की समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून, ते खाली दाबावं लागतं. एवढं करूनही निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. जानेवारी २०२५मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने बॉम्बे हायचं घटतं उत्पादन सावरण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेण्याचं जाहीर केलं, ते याच कारणासाठी.

बॉम्बे हायचं तेल तरी पातळ आहे. जड तेलाची गोष्ट फारच अवघड.

गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात बालोल, संथाल, लणवा अशी तेलक्षेत्रं आहेत. बालोलचा शोध १९७०चा. तेल सुमारे एक हजार मीटर खोल वाळूच्या थरात, तिथलं तापमान ७० अंशांच्या आसपास, आणि एवढ्या उष्णतेतही ते तेल पाण्यापेक्षा शेकडो पट घट्ट. त्यात आणखी एक अडचण. त्या थराच्या कडेने पाण्याचा जबरदस्त दाब आहे. एरवी हा दाब उपकारक ठरतो, कारण तो तेल विहिरीकडे रेटतो. पण घट्ट तेल जागचं हलत नाही. चपळ पाणी त्याला वळसा घालून आधी विहिरीत पोचतं. विहीर चालू, पंप चालू, आणि वर येतं बहुतांश पाणी. नेहमीच्या पद्धतीने तिथल्या तेलाचा दहापैकी एखाद-दीड हिस्साच हाती येईल असा हिशेब होता.

अशा तेलाला पातळ करायचा मुख्य मार्ग म्हणजे उष्णता. वसमतकडच्या शेतकऱ्याला वाफेची ताकद वेगळी सांगायला नको. हळद शिजवायच्या कुकरमध्ये बॉयलरची वाफ ड्रममधल्या ओल्या हळदीत सोडतात आणि टणक गड्डे थोड्याच वेळात मऊ पडतात. जड तेलाच्या विहिरीतही जवळपास हेच करतात. वाफ काही दिवस खाली सोडायची, विहिरीचं तोंड बंद करून उष्णता मुरू द्यायची आणि मग त्याच विहिरीतून तेल उपसायचं. ही युक्ती १९५९मध्ये व्हेनेझुएलात मेने ग्रान्दे इथे एका अपघातातून हाती आली. दाबलेली वाफ जमीन फोडून वर येऊ लागली, म्हणून विहिरीतला दाब मोकळा केला, तर वाफेच्या विहिरीतूनच तेल वाहू लागलं.

कॅनडात रॉजर बटलर या अभियंत्याने पुढची पायरी गाठली. एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी, मध्ये सुमारे पाच मीटरचं अंतर. वरचीतून वाफ सोडायची; वितळलेलं तेल स्वतःच्या वजनाने खालचीत उतरतं. अल्बर्टा प्रांतातलं डांबरासारखं तेल आज मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने निघतं. त्याची किंमतही मोठी आहे. एक पिंप तेलामागे साधारण दोन ते चार पिंपं पाण्याची वाफ करावी लागते आणि ती करायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो.

बालोलला विहिरी खोल, थरातला दाबही भरपूर. वरून सोडलेल्या वाफेची बरीच उष्णता वाटेतच नळीच्या भिंतींतून निसटून जाते. तेव्हा आपल्या अभियंत्यांनी भट्टी जमिनीवर न पेटवता थेट तेलाच्या थरात पेटवायचं ठरवलं.

१९९०मध्ये बालोलला हा प्रयोग सुरू झाला. एका विहिरीतून शंभर वातावरणांहूनही अधिक दाबाची हवा खाली सोडली जाते. विहिरीच्या तळाशी थर तापवून तेल पेटवतात. मग हवा मिळत राहील तोवर तो जाळ स्वतःच पुढे सरकतो, दिवसाला काही सेंटीमीटर. त्याच्या आघाडीवर तापमान चारशे-पाचशे अंशांवर जातं. जाळात भस्म होतो तो तेलाचा सर्वांत जड, कोळशासारखा गाळ, जो एरवीही वर आला नसता. जाळाच्या पुढे वाफेचा पट्टा, त्याच्या पुढे गरम पाणी, हलके वायू आणि मोकळं झालेलं तेल अशी सगळी फौज शेजारच्या विहिरींकडे चालू लागते. जळून गेलेली वाळू मागे तापलेली राहते. ती उष्णता वाया जाऊ नये म्हणून हवेबरोबर पाणीही सोडतात. त्याची वाफ होऊन ती पुढे धावते.

एक हजार मीटर खालचा हा जाळ कुणाला दिसत नाही. तो ओळखायचा कसा? शेजारच्या विहिरींतून येणाऱ्या वायूवरून. त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की जाळ नीट पेटला आहे. प्राणवायू दिसू लागला की हवा न जळताच भलत्या वाटेने निसटते आहे, आणि तेलाच्या विहिरीत प्राणवायू म्हणजे स्फोटाला आमंत्रण. वर येणाऱ्या वायूंत विषारी वायूही असतात, नळ्या गंजतात, वाळूने पंप अडकतात. हवा थांबली तर जाळ विझायचा धोका, म्हणून कॉम्प्रेसर अखंड चालवावे लागतात. हे सगळं सांभाळून १९९७मध्ये बालोल आणि संथाल इथे ही पद्धत व्यापारी प्रमाणावर सुरू झाली. एकूण साठ्यापैकी ३५ ते ४० टक्के तेल काढता येईल, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. जगात फार थोड्या ठिकाणी हे जमलं आहे. रुमानियातल्या सुप्लाकूचं नाव त्यात आधी घेतात. बॉम्बे हाय शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. बालोलही तितकंच ठाऊक असायला हवं.

राजस्थानात बागेवालाचं जड तेल १९९१मध्ये सापडलं. तिथे ऑइल इंडियाने वाफेचा मार्ग धरला, तोही वाळवंटात, जिथे वाफेसाठी लागणारं पाणीच मोलाचं.

जमिनीखालची वस्तू तिथल्या तिथे पातळ करून वर आणायची ही कल्पना खनिजांतही जुनी आहे. १८९४मध्ये हर्मन फ्राश याने अमेरिकेत लुइझियानात दाबाखालचं अतितप्त पाणी सोडून गंधक जमिनीतच वितळवलं आणि वर उपसलं. गंधक ११५ अंशांच्या पुढे वितळतं म्हणून ते जमलं. आपल्या भंडारा-नागपूरकडच्या मँगनीजला हा उपाय नाही. चिखल्याच्या खाणीत माणसांना खाली उतरूनच दगड फोडावा लागतो आणि रिकामी झालेली पोकळी वाळूने भरत जावं लागतं, नाहीतर छत कोसळतं.

आता या कसबाचा उलटा उपयोगही, म्हणजे वर काढण्याऐवजी खाली पुरून ठेवण्यासाठी, सुरू झाला आहे. आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू खडकाशी संयोग पावून दगड झाला, असं २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हापासून दख्खनच्या काळ्या कातळाकडेही शास्त्रज्ञांचं लक्ष जास्तच लागलं आहे. मात्र त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. मराठवाड्यात हा विचार कधी पुढे आला तर पहिला प्रश्न या पाण्याचा विचारला पाहिजे, आणि दुसरा, ज्या भेगांतून गावं पाणी पितात त्या भेगांचा. समुद्राचं पाणी वापरायचे प्रयोग आइसलँडने केले आहेत, पण हिंगोलीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब आहे.