वंध्यत्वाचा दोष आणि गुप्तरोग
(निमोणे येथील वार्षिक मेळाव्यात एका स्त्री-डॉक्टरांनी केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, निधीचा हिशेब मांडला जातो, वधूवरसूची वाचली जाते. अशा मंगल प्रसंगी गुप्तरोगांचे नाव काढणे अनेकांस रुचणार नाही, हे मी जाणून आहे. परंतु ज्या सूचीवरून विवाह जुळतात, त्यांतीलच काही संसार पाचसहा वर्षांत मोडकळीस येतात आणि 'मूल होत नाही' एवढ्याच कारणावरून सून माहेरी धाडली जाते. मग दोन्हीकडील मंडळी तडजोडीसाठी आपल्या संस्थेकडे येतात. तडजोडीस बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना या गोष्टीच्या मुळाशी काय असू शकते हे ठाऊक असावे, म्हणून मी हा विषय घेतला आहे.

मूल झाले नाही की नवस, उपास, अंगारेधुपारे हे सारे बाईच्या वाट्यास येते. डोहाळजेवणास तिला बोलावीत नाहीत, ओटी भरताना तिला वगळतात. मुंबई राज्यात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला. तोपर्यंत तर हिंदू घरांत राजरोस दुसरी बायको आणली जाई. तीही तशीच राहिली तरी दोष नवऱ्याकडे असेल, ही शंका घरात कोणास शिवत नसे! वास्तविक निपुत्रिक जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील काही कारण असते. कधी ते एकटेच असते, तर कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीस.

आता शरीराची रचना थोडक्यात सांगते. स्त्रीच्या बीजकोशातून दर महिन्यास एक बीज सुटते आणि ते बीजवाहिनी नलिकेतून गर्भाशयाकडे येते. गर्भधारणा या नलिकेतच होते. ही नलिका आत काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर रुंद आहे आणि तिच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. ते बीजास पुढे ढकलतात. परमा, म्हणजे वैद्यकीय भाषेत पूयप्रमेह, आणि क्लॅमिडिया या दोन रोगांचे जंतू संबंधातून स्त्रीच्या शरीरात शिरतात, गर्भाशयाच्या मुखातून वर चढतात आणि या नलिकांना सूज आणतात. सूज ओसरते, पण व्रण राहतो. नलिका बुजली तर गर्भ राहत नाही. अर्धवट बुजली तर गर्भ नलिकेतच रुजतो. ती फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेतते. औषधाने जंतू मरतात, परंतु पडलेला व्रण औषधाने पुसला जात नाही. म्हणून येथे वेळेला फार महत्त्व आहे. स्वीडनमधील वेस्ट्रोम या डॉक्टरांनी अशा स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन १९९२ साली आकडे प्रसिद्ध केले. नलिकांना एकदा सूज आलेल्या स्त्रियांत शेकडा आठ जणींच्या नलिका निकामी झाल्या. दोनदा आलेल्यांत सुमारे वीस आणि तीनदा किंवा अधिक वेळा आलेल्यांत चाळीस.

यातील कपट असे की, क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही. पुरुषास परमा झाला तर जळजळ होते, पू जातो. तो कोठेतरी गुपचूप औषध घेतो, त्रास थांबतो आणि आपण बरे झालो असे समजतो. पत्नीस मात्र तो एका शब्दाने सांगत नाही. न्यूयॉर्क येथील एमिल नोगेराथ या डॉक्टराने १८७२ साली लिहिले की, बरा झाला असे वाटणारा नवरा निरोगी पत्नीस हा रोग देतो आणि ती वांझ राहते. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याची टवाळी केली. सातच वर्षांनी, १८७९ साली, नायसर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परम्याचा जंतू दाखविला. आपल्याकडे प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हे विषय मराठीत उघडपणे मांडले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांची सगळीच मते कोणास पटोत वा न पटोत, मराठी वाचकांवर त्यांचे हे ऋण आहे.

हे परदेशातील किंवा शहरातील प्रकरण आहे, असे कोणी म्हणेल. त्यास दोन उत्तरे आहेत. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ३९१ जणी शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या. त्यांत बहुतेक संसारी स्त्रिया होत्या. या ३९१ मध्ये शेकडा १३.६ जणींना एच.आय.व्ही.ची लागण आढळली, आणि ज्याला गुप्तरोग आहे अशा पुरुषाशी संबंध हेच तिचे प्रमुख कारण ठरले. स्पष्ट बोलावयाचे तर पातिव्रत्याने त्यांचे रक्षण केले नाही. दुसरे उत्तर गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष दिले. शेकडा ९२ स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या आठ होत्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, हे बाया जावेलादेखील सांगत नाहीत, मग डॉक्टरला कोठून सांगणार?

आणि सांगितले तरी सर्वत्र योग्य उपचार मिळतो असे नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात ऊसतोडीची बिऱ्हाडे उतरतात. बीड जिल्ह्यातील अशा मजूर स्त्रियांची पाहणी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पांढरे जाणे आणि पोटदुखी या तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेस राजी केले गेले होते. जेथे आठपंधरा दिवसांच्या गोळ्यांनी भागले असते, तेथे अवयवच गमवावा लागावा, याहून मोठी शोकांतिका कोणती?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. नलिका बुजल्या असे निदान झाले म्हणून नवऱ्याने बाहेरून रोग आणला असे लगेच ठरवू नये. आपल्या देशात क्षयरोगानेही नलिका बुजतात. अस्वच्छ बाळंतपण वा गर्भपात यांनीही बुजतात. पांढरे जाणे प्रत्येक वेळी गुप्तरोगच असतो असेही नाही. एका अन्यायाच्या जागी दुसरा अन्याय मला बसवावयाचा नाही.

माझी मागणी अगदी साधी आहे. असे प्रकरण संस्थेपुढे आले की पहिला प्रश्न जावयास विचारावा: तुमची वीर्यतपासणी झाली आहे काय? दोनतीन दिवस संयम पाळून द्यावयाची ही तपासणी स्वस्त आहे, तिला चिरफाड लागत नाही. बाईच्या नलिकांत औषध भरून क्ष-किरणाने चित्र घेणे हे त्यामानाने त्रासाचे आहे, ते नंतर. संसर्ग आढळला तर औषध दोघांनी एकाच वेळी घ्यावे आणि ते पूर्ण होऊन गुण येईपर्यंत संबंध टाळावा. एकाने घेतले व दुसऱ्याने नाही, तर तो रोग पुन्हा त्याच घरात परततो. उपदंश, ज्यास आपण गरमी म्हणतो, तो नलिका बुजवीत नाही. पण पोटातले मूल मारतो. म्हणून गरोदरपणात रक्त तपासून घ्यावे. पेनिसिलिनने तो आजही बरा होतो.

वधूवरसूचीच्या चालकांस एवढेच सांगते की, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाचे कारण मानले आहे. मग कुंडलीबरोबर दोघांच्या रक्ततपासणीचा कागद मागण्यात अपमान कसला?

शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम दाखवावे. पुढील तपासणीसाठी पुण्यास ससून आहे, औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यांत या रोगांचे औषध विनामूल्य मिळते आणि नाव गुप्त राखणे तेथील कर्मचाऱ्यांवर बंधनकारक आहे. सभा संपल्यावर मी शाळेच्या कोपऱ्यातील खोलीत बसणार आहे. भगिनींनी एकेकटीने यावे, सासूबाईंस बाहेर थांबवावे. पुरुष मंडळींसाठी दार सायंकाळपर्यंत उघडे राहील.