मंदीत घेतलेला माग



मंदी आली की 'मंदीतच खरी संधी असते' असं सांगणारी माणसं हटकून भेटतात. भिवंडीत यावर कुणी वाद घालणार नाही. फक्त विचारतील, संधी केवढ्याला पडते, आणि पैसे कधी हातात येतात?

विचारण्याचा त्यांना हक्क आहे; अशी संधी त्यांनी स्वतः घेऊन पाहिली आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्यांनी आपलं विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळवलं; कापड विणायचं भिवंडीनं, शिक्का गिरणीचा. पुढे गिरण्यांचे जुने माग भंगाराच्या भावानं निघाले आणि त्यातले कितीतरी भिवंडीच्या गाळ्यांमध्ये येऊन बसले. नवा माग घ्यायची ज्याची ऐपत नव्हती, तो चार जुन्या मागांचा मालक झाला. परळ-लालबागमधल्या गिरणी कामगारांच्या घरांनी त्याची काय किंमत मोजली, ते वेगळं सांगायला नको.

पण माग स्वस्तात मिळाला म्हणजे धंदा उभा राहिला असं नाही. सूत विकत घ्यायला भांडवल कुठे होतं? म्हणून जॉबवर्क. बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, व्यापाऱ्याचा; कापड व्यापाऱ्याचं; मागवाल्याला फक्त मजुरी. ती ठरते पिकावर, म्हणजे इंचभर कापडात आडवे धागे किती, त्यावर. समजा कापड 52 पिकांचं आहे आणि पिकाला मीटरमागे 8 पैसे दर मिळाला. मीटरला 4 रुपये 16 पैसे झाले. धागा तुटणं, कांडी बदलणं, मधेच लाइट जाणं धरून साधा माग बारा तासांच्या पाळीत 35-40 मीटर देतो. म्हणजे मागामागे दीडशे रुपये. त्यातून विणकर, कांड्या भरणारा कांडीवाला, मागाची देखभाल करणारा जॉबर, गाळ्याचं भाडं, लाइट बिल. दर एका पैशानं उतरला तर? ऐकायला एक पैसा, पण पाळीला मागामागे वीसेक रुपये गेले. कित्येकदा मालकाच्या वाट्याला तेवढेच उरत असतात.

तरीही पडत्या बाजारात नव्या माणसानं जॉबवर्कच धरावं, असं माझं मत आहे. सूत भरून ठेवणाऱ्याला भाव कोसळल्यावर मागावरचं कापडसुद्धा तोट्यात जाताना बघावं लागतं. जॉबवाल्याचा माग बंद पडेल, पण सूत बुडणार नाही.

त्याचं बुडतं ते उधारीत. कामगाराला पगार वेळच्या वेळी रोख द्यावा लागतो, व्यापारी मात्र 'बाजारात पैसा नाही' म्हणून तीन-तीन महिने लांबवतो. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा हातात नोटाच नाहीत म्हणून कितीतरी माग थांबले आणि कामगार गावी निघाले. त्यांच्याबरोबर भिशीवाल्याही अडचणीत आल्या. भिशी म्हणजे इथल्या कामगारांची खानावळ. महिनाभर जेवायचं, पगारावर पैसे द्यायचे. वही भरलेली, गिऱ्हाईक गावाला, आणि तांदूळ-डाळवाला दारात उभा. अशा भिशीवालीच्या धंद्यात खोट काय होती? काहीच नाही. तिचे पैसे फक्त तिसऱ्याच माणसाकडे अडकले होते.

कायदा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायला हवेत. एप्रिल 2024 पासून त्याला आयकराचीही जोड मिळाली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. कापड बाजारात काही व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला: लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदच नको; 'उद्यम नोंदणी रद्द करा, मग काम देतो.' मंदीत अशा अटीला नाही म्हणायला एकच व्यापारी असून चालत नाही. चारच माग असले तरी दोघांचे बीम चढवावेत. दुसऱ्याचा दर थोडा कमी असला तरी चालेल.

आज भिवंडीत माग पुन्हा भंगारात निघताहेत, गाळ्यांची गोदामं होताहेत. अशा वेळी एखादा तरुण जुने माग घ्यायला निघाला तर मी त्याला अडवणार नाही. मागाचा सौदा करण्याआधी त्यानं एवढंच करावं. ज्या व्यापाऱ्याचं काम घ्यायचं, त्याचेच दोन जुने मागवाले गाठावेत, आणि गेल्या दिवाळीची मजुरी त्यांना कोणत्या महिन्यात मिळाली ते विचारावं.