तांबडी वाइन आणि आपलें ताट



तांबडी वाइन चवीला कशी असते, असा प्रश्न कोणी केला तर "आंबट" किंवा "तुरट" असें एका शब्दांत उत्तर मिळतें. उत्तर खोटें नाहीं. पण अपुरें आहे. फ्रान्समधील बोर्दो प्रांतची तांबडी वाइन बहुधा एकाच जातीच्या द्राक्षांची नसते. ती मिश्रणाची असते, आणि तिच्या चवीचें मर्म त्या मिश्रणांतच आहे.

हें मर्म समजण्यास फार दूर जावयास नको. हिंगोली जिल्ह्यांत सेनगावकडे सोयाबीनच्या ओळींमध्यें तूर पेरतात. सोयाबीन लवकर हातीं येतें, तूर मागाहून. पावसानें एकाला दगा दिला तर दुसरें तारून नेतें. बोर्दोच्या मळेवाल्याचा हिशेबहि असाच आहे. मेर्लो ही जात लवकर फुटते व लवकर पिकते, म्हणून वसंतांतल्या हिमाची तिला भीति. काबर्ने सोव्हिन्यों उशिरां पिकते, म्हणून तिला शरदांतल्या पावसाची. दोन्ही लावल्या म्हणजे सारें वर्ष सहसा बुडत नाहीं. प्रत्येक जातीची वाइन सामान्यतः वेगळी आंबवितात आणि मग चाखून मिसळतात. म्हणून प्रमाण वर्षागणिक बदलतें. मेर्लो अंगाला मऊपणा देते, जाड सालीची काबर्ने सोव्हिन्यों कणा देते, आणि थोडी काबर्ने फ्रां सुगंधाची भर घालते.

तो कणा म्हणजे टॅनिन. कडक कोऱ्या चहानें जीभ जशी आखडते, तसा त्याचा गुण. टॅनिन लाळेंतील प्रथिनांना धरतें, म्हणून तोंड कोरडें वाटतें. सोबत मांस किंवा चीज असेल तर तें त्यांतील प्रथिनांशीं गुंततें व तुरटपणा सौम्य होतो. तांबडी वाइन आणि मांस ही जोडी केवळ रिवाजाची नाहीं, ती अशी कारणाची आहे.

परंतु तें मांस फ्रेंच स्वयंपाकांतलें, तिखटाचा स्पर्श नसलेलें. मराठवाड्याच्या ताटाला तो नियम जसाच्या तसा लावूं नये. मिरचीचा दाह मद्यार्कानें वाढतो आणि टॅनिन त्यांत भर घालतें. म्हणून ज्वारीची भाकरी व ठेचा यांच्याशीं या वाइनचें जमणें कठीण. काळ्या मसाल्याचें मटण बेताच्या तिखटाचें असेल तर जमतें. दाण्याच्या कुटाचें भरलें वांगें त्याहून बरें, कारण दाण्यांतली स्निग्धता तुरटपणाला आवरते. तेथें मेर्लोचें प्रमाण अधिक असलेलें मिश्रण निवडावें. पुरणपोळीसमोर मात्र तीच वाइन आंबट व रुक्ष वाटते, कारण पदार्थ वाइनपेक्षां गोड आहे.

आणखी एक गोष्ट. "तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेंत द्यावी" हें वचन थंड देशांतल्या खोलीचें आहे. सुमारें १६ ते १८ अंश सेल्सिअस हें माप योग्य. आपल्या वैशाखांत पारा ४० च्या वर जातो, तेव्हां बाटली थोडा वेळ थंड पाण्यांत ठेवावी.

आतां असें मिश्रण पाहण्यास फ्रान्सच गांठावयास नको. नाशिकजवळ सुला द्राक्षमळ्याची पहिली वाइन २००० सालीं निघाली, आणि त्या प्रांतांत काबर्ने व शिराझ यांचीं मिश्रणें होतात. आपल्या जेवणाला काय शोभतें हें ठरविण्याचा अधिकार मात्र दुसऱ्या देशच्या पुस्तकाला नाहीं. वाइनसाठीं ठेचा फिका करणें म्हणजे पाहुण्यासाठीं यजमानानें घर सोडणें होय.

शेवटीं, प्यावी कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें स्पष्ट केलें आहे. न पिणाऱ्यानें कांहींच गमावलें नाहीं; तुरटाला स्निग्ध आणि तिखटाला सौम्य साथ हवी, हा नियम त्याच्याहि स्वयंपाकघरांत तितकाच खरा आहे.