भयपटातील अरण्य आणि नायिका

अरण्य म्हटले की मराठी श्रोत्याच्या मनात आधी ऋषींचे आश्रम येतात, मागोमाग पांडवांचा वनवास येतो आणि श्वापदांची आठवण त्यानंतर होते. इंग्लंड-अमेरिकेत निघणाऱ्या भयपटांतील अरण्य याहून अगदी निराळे आहे. तेथे शहरातील सुखवस्तू माणसे सुट्टी घालविण्यासाठी मोटारीतून येतात. पक्का रस्ता संपतो, आणि पोलीस, न्यायालय, शेजार यांपैकी कोणाचाही हात जेथे पोहोचत नाही अशा मुलखात ती अडकतात. एकेक करून सोबती मरतात आणि अखेर बहुधा एक स्त्री उरते. ती कशी वाचली, आणि वाचण्यासाठी तिने कोणती किंमत मोजली, हा या चित्रपटांचा खरा विषय होय. हे चित्रपट बीभत्स असतात, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे; कारण गेल्या पन्नास वर्षांत या एकट्या उरलेल्या स्त्रीच्या चित्रणात जो पालट झाला, त्यात प्रेक्षकाच्या मनाचाही पालट उमटला आहे.

१९७४ मध्ये टोब हूपर या दिग्दर्शकाचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ हा चित्रपट आला. त्यातील सॅली ही तरुणी आपला भाऊ आणि मित्र गमावते, एका नरभक्षक कुटुंबाच्या तावडीत सापडते, खिडकीची काच फोडून बाहेर उडी घेते आणि रस्त्याने जाणाऱ्या एका वाहनात चढून निसटते. रक्ताने माखलेली ती मुलगी मागे पाहत वेड्यासारखी हसत राहते. परंतु तिने कोणाचा जीव घेतलेला नाही. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीने १९८७ मधील एका निबंधात आणि पुढे १९९२ मधील ग्रंथात भयपटांतील अशा नायिकांचा अभ्यास करून त्यांना ‘शेवटची मुलगी’ असे नाव दिले. ही मुलगी आपल्या सोबत्यांपेक्षा सावध असते, संयमी असते. संकटाची चाहूल तिला आधी लागते. तिचे वाचणे हे जणू तिच्या शीलाचे फळ असते. या दृष्टीने पाहिले तर हे जुन्या नीतिकथेचेच रक्तरंजित रूप म्हणावे लागेल.

तथापि त्याच दशकात दुसरी वाटही निघाली होती. मेयर झार्ची यांच्या १९७८ मधील ‘आय स्पिट ऑन युवर ग्रेव्ह’ या चित्रपटात न्यूयॉर्कची एक लेखिका कादंबरी लिहिण्यासाठी नदीकाठच्या एकांतातल्या घरी येऊन राहते. चार पुरुष तिच्यावर अत्याचार करतात. पुढे ती एकेकाला गाठून ठार मारते. या सूडसत्राला आरंभ करण्यापूर्वी ती चर्चमध्ये जाते आणि गुडघे टेकून क्षमा मागते. आपण जे करणार आहोत ते न्यायाच्या पलीकडचे आहे, हे तिला ठाऊक आहे, असाच त्याचा अर्थ होतो. रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाने या चित्रपटाचा अत्यंत कडक शब्दांत धिक्कार केला. पडद्यावरील दृश्यांइतकेच, ती पाहताना आसपासचे प्रेक्षक जे उद्गार काढीत होते त्यांनी त्याला अस्वस्थ केले होते. त्याची ही अस्वस्थता ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पडद्यावरच्या हिंसेचा हिशेब मांडताना खुर्चीत बसलेल्या माणसाला वगळून चालत नाही.

या परंपरेतील सर्वांत विचारप्रवर्तक कृती म्हणून नील मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाच्या २००५ मधील ‘द डिसेंट’ या चित्रपटाचा उल्लेख करावा लागेल. या इंग्रजी नावाचा अर्थ ‘खाली उतरणे’ असा आहे, आणि तो दोन्ही अंगांनी खरा ठरतो. सहा मैत्रिणी अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतराजीतील एका गुहेत उतरतात. त्यांतील सारा हिचा पती आणि लहान मुलगी वर्षभरापूर्वी मोटार-अपघातात मरण पावलेली आहेत. मोहिमेची पुढारी जुनो हिने मैत्रिणींना न सांगता, कोणत्याही नकाशात नसलेली गुहा निवडली आहे. वाट कोसळते, बाहेरच्या जगाला त्यांचा ठावठिकाणा ठाऊक नाही, आणि अंधारात, केवळ आवाजाच्या रोखाने शिकार करणारे आंधळे मानवसदृश प्राणी त्यांच्यावर तुटून पडतात.

या गुहेत सारा तीन प्रकारे जीव घेते, आणि त्या तिन्हींतील भेद पाहिल्याखेरीज चित्रपटाचे मर्म हाती लागत नाही. अंगावर धावून येणाऱ्या प्राण्यांना ती मारते. तो शुद्ध बचाव आहे. बेथ ही तिची मैत्रीण प्राणघातक जखमेने तळमळत पडलेली असते. यातनांतून सोडव, अशी विनवणी ती करते, आणि सारा दगडाने तिचा शेवट करते. ते भयंकर असले तरी करुणेतून घडलेले आहे. परंतु मरण्यापूर्वी बेथने तिला दोन गोष्टी कळविल्या आहेत. बेथची जखम जुनोच्या हातून, अंधारात, चुकून झालेली आहे आणि जुनो तिला तशीच टाकून गेली आहे. शिवाय जुनोच्या गळ्यातील पदक साराच्या दिवंगत पतीने दिलेले आहे. सुटकेची वाट जवळ आलेली असताना सारा ते पदक जुनोपुढे धरते, तिच्या पायात कुदळीचे टोक रुतविते आणि चालून येणाऱ्या प्राण्यांपुढे तिला टाकून निघून जाते. येथे बचावाची गरज नव्हती आणि करुणेचा तर लवलेशही नव्हता. आरोप, निवाडा आणि शिक्षा ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीने, काही क्षणांत, रागाच्या भरात उरकली होती.

दिग्दर्शकाने या कृत्याची फळे दोन प्रकारे दाखविली आहेत. अमेरिकेत २००६ मध्ये दाखविलेल्या आवृत्तीत सारा मोटारीपर्यंत पोहोचते, परंतु शेजारच्या आसनावर रक्तबंबाळ जुनो तिला दिसते आणि तेथेच चित्रपट संपतो. मूळ ब्रिटिश आवृत्तीत ही सुटकाच एक भास ठरते. ती गुहेतच असते, आणि मृत मुलीच्या वाढदिवसाच्या केकवरील मेणबत्त्या म्हणून ती जो उजेड पाहते तो वस्तुतः तिच्याजवळच्या मशालीचा असतो. कोणतीही आवृत्ती घेतली तरी ती जुनोपासून सुटलेली नाही.

जेम्स वॉटकिन्स यांच्या २००८ मधील ‘ईडन लेक’ या ब्रिटिश चित्रपटाची नायिका जेनी ही लहान मुलांची शिक्षिका आहे, ही योजना मोठी सूचक आहे. आपल्या प्रियकरासह ती रानातील एका तळ्याकाठी सहलीला जाते आणि तेथील किशोरवयीन मुलांची एक टोळी त्या दोघांच्या जिवावर उठते. म्होरक्या मुलगा प्रत्येक सोबत्याला जखमी प्रियकरावर एकेक वार करायला लावतो आणि त्या दृश्याचे मोबाइलवर चित्रण करवितो, म्हणजे पुढे कोणालाही मागे फिरता येऊ नये. मुलांना वळण लावणे हा जिचा व्यवसाय, तीच जेनी भयाने इतकी भ्रमिष्ट होते की, टोळीतला एक बिचकणारा मुलगा जवळ येताच काचेचा तुकडा त्याच्या मानेत खुपसते. मारून झाल्यावर आपण कोणाला मारले हे तिला उमगते. तिचा चेहरा त्या क्षणी जो होतो, तो पाहून टाळी वाजविण्यासाठी उचललेला हात खाली यावा.

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल. या साऱ्याला ‘नायिकेचा नैतिक अधःपात’ म्हणणे कितपत योग्य? जॉन बूरमन यांच्या १९७२ मधील ‘डिलिव्हरन्स’ या चित्रपटात चार पुरुष जॉर्जिया राज्यातील एका रानटी नदीत होड्या घेऊन उतरतात. त्यांच्यावर हल्ला होतो. पुढे त्यांपैकी एक जण कड्यावर चढून बाणाने एका माणसाला मारतो, आणि तो माणूस खरोखर हल्लेखोरच होता की नाही याची खातरी त्याला शेवटपर्यंत होत नाही. प्रेते लपविली जातात, अधिकाऱ्यांना खोटे सांगितले जाते, आणि धरणाचे पाणी पुरावा झाकून टाकणार म्हणून ही माणसे घरी परततात. अधःपात दोन्हीकडे सारखाच आहे. पुरुषाच्या बाबतीत त्याला साहस म्हणण्याची जगाला सवय आहे, आणि स्त्रीच्या बाबतीत ‘पतन’ हा शब्द चटकन ओठावर येतो, एवढाच फरक. तेव्हा स्त्रीने शस्त्र उचलले हा दोष मानणे अन्यायाचे आहे. तिच्या परीक्षेची जागा वेगळी आहे.

ती जागा कायद्याने फार पूर्वी दाखवून ठेवली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने खासगी बचावाचा हक्क मान्य केला, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. परंतु त्याला मर्यादा आहेत. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे संरक्षण मागण्यास अवसर असेल तर हा हक्कच उरत नाही. भयपटातील अरण्य म्हणजे ही दुसरी मर्यादा जेथे गळून पडते असा प्रदेश. पहिली मर्यादा मात्र तेथेही माणसाच्या सोबत जाते, आणि तिची राखण करण्यास त्याच्या मनाशिवाय दुसरे कोणी नसते.

या संदर्भात २०१५ मधील ‘एनएच १०’ हा नवदीप सिंग दिग्दर्शित हिंदी चित्रपट आठवतो. त्याचे कथानक ‘ईडन लेक’शी बरेच जुळणारे आहे, पण त्यातील अरण्य मनुष्यवस्तीचेच आहे. घराण्याच्या प्रतिष्ठेपायी बहिणीचा आणि तिच्या पतीचा खून करणाऱ्या टोळीच्या हाती हरियाणातील एका रस्त्यावर मीरा आणि तिचा पती सापडतात. मीरा पोलिसांकडे जाते, गावाच्या सरपंचबाईंचा आसरा घेते. दोन्ही दारे तिच्या उलट फिरतात. पती मारला गेल्यावर ती गावात परतते आणि लोखंडी कांबीने मारेकऱ्यांचा निकाल लावते. त्यांपैकी एक जण जखमी होऊन सरपटत असताना ती स्वस्थपणे बसून सिगारेट ओढते आणि मग उठून त्याला संपविते. जिथे शासनाने पाठ फिरविली तिथे अरण्य तयार होते, हा या चित्रपटाचा इशारा राज्यकर्त्यांनी आणि अधिकाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. परंतु त्या सिगारेटच्या मिनिटभरात मीराजवळ अवधी होता, शत्रू निःशस्त्र होता, आणि बचावाचा प्रश्न संपला होता, हेही तितकेच खरे.

भारतीय वाङ्मयातील वनवासी नायिकेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात सीता रामाला एक कथा सांगते. एका तपस्व्याजवळ इंद्र योद्ध्याच्या वेषात येऊन आपले खड्ग ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळायची म्हणून तो तपस्वी ते नेहमी जवळ बाळगू लागला, आणि नित्याच्या सहवासाने त्याची बुद्धी क्रूर होऊन तो नरकास गेला. वैर नसताना शस्त्र चालवू नये, हे सीतेला सुचवायचे आहे. पुढे युद्ध संपल्यावर, अशोकवनात तिला छळणाऱ्या राक्षसींना ठार मारण्याची अनुज्ञा हनुमान तिच्याकडे मागतो. त्या पराधीन दासी होत्या, राजाच्या आज्ञेने वागत होत्या, असे सांगून ती नकार देते. सीतेच्या पाठीशी विजयी सेना उभी होती आणि गुहेतल्या सारेच्या पाठीशी कोणी नव्हते, हा फरक विसरता येणार नाही. एकाकी आणि भेदरलेल्या माणसाकडून सीतेच्या औदार्याची अपेक्षा करणे कठोरपणाचे होईल. तरीही दोघींपुढे आलेला क्षण एकच आहे. भय ओसरले आहे, शत्रू हाती सापडला आहे, आणि शस्त्र खाली ठेवणे शक्य झाले आहे.

चांगला भयपट हा क्षण लपवीत नाही. सुमार भयपट त्यावर वाद्यांचा गजर करून प्रेक्षकाला पुढे ढकलतो. नायिकेच्या पहिल्या वाराला मनापासून साथ देण्यात गैर काही नाही, कारण जीव वाचविण्याचा हक्क तिला आहे. शेवटच्या वारालाही तितकीच दाद मनातून उमटली, तर दिवे लागल्यावर घरी जाताना रसिकाने तिची कारणे स्वतःला विचारावीत. त्या वेळी त्याच्या आजूबाजूला अरण्य नसते, रस्त्यावर दिवे असतात, आणि विचार करण्यास त्याला भरपूर अवसर असतो.