मागच्या चाकांचें बळ

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींतून किंवा एखाद्या अँबॅसडर मोटारींतून, मागील बैठकीवर तिघांमधला मधला होऊन ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांना पायांखालचा तो लांबट उंचवटा अजून आठवत असेल. मधल्याच्या वांट्याला नेहमीं तोच यावयाचा. पाय इकडे ठेवावे तर डावीकडील काकांना अडचण, तिकडे ठेवावे तर उजवीकडील काकूंना! त्या उंचवट्याखालून एक पोलादी दांडा गरगर फिरत असे. इंजिन पुढें, आणि गति द्यावयाची ती मात्र मागच्या चाकांना. या दोहोंची सांगड घालणारा हा दांडा. १९८३ सालीं मारुती ८०० आली. तिचें इंजिन पुढच्याच चाकांना फिरवी, म्हणून त्या दांड्याची गरज उरली नाहीं. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, पद्मिनी टॅक्सीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईचा निरोप घेतला, आणि मोटार कोणत्या चाकांच्या बळावर चालते हा प्रश्न शहरांतील घरांतून जवळजवळ नाहींसा झाला.

चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या मोटारींत हा प्रश्न कोणाला पडला नाहीं म्हणून फारसें कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्याच मागच्या दोन चाकांवर दोनशें अश्वशक्तीचें बळ सोडलें, रस्ता पावसानें ओला झाला, आणि मागील बैठकीवर मुलें बसलेलीं असलीं, म्हणजे तोच प्रश्न अगदीं निराळ्या गांभीर्यानें पुढें उभा राहतो. ज्या मोटारींनीं तो सुखवस्तु गृहस्थाच्या दारांत आणून उभा केला, त्यांमध्यें इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री शहरीं तयार झालेल्या जग्वार सलून मोटारींचें स्थान फार वरचें आहे.

या मोटारींच्या इंजिनाचा जन्म युद्धकाळांतील रात्रपहाऱ्यांत झाला. शत्रूच्या विमानांनीं टाकलेल्या बाँबमुळें कारखान्यास आग लागली तर ती वेळीच विझवावी, यासाठीं छपरावर पाळीपाळीनें पहारा असे. कारखान्याचे प्रमुख विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली हे त्या पहाऱ्याच्या वेळीं लढाईनंतर काढावयाच्या मोटारीविषयीं बोलत बसत. त्या बोलण्यांतून निघालें तें एक्सके इंजिन. एका रांगेंत सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. १९४८ सालीं तें एक्सके १२० या क्रीडामोटारींत प्रथम लोकांसमोर आलें, आणि पुढें फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्यानें जग्वारला १९५१, १९५३, १९५५, १९५६ व १९५७ असे पांच विजय मिळवून दिले. त्यांतील शेवटच्या विजयाच्या वर्षींच, ३.४ लिटर आकाराचें व २१० अश्वशक्तीचें हें इंजिन चार दारांच्या एका घरगुती मोटारींत बसवून विक्रीस ठेवण्यांत आलें. आंत अक्रोडाच्या लांकडाची फळी, चामड्याच्या बैठकी, आणि वेग ताशीं सुमारें १२० मैल! शर्यतीच्या घोड्यावर वरातीची झूल घालावी, तसाच हा प्रकार होता. झूल सुंदर होती यांत शंका नाहीं. पण तिच्याखालचा घोडा तोच होता.

आतां मागच्या चाकांनींच मोटार ढकलण्यांत एवढी गोडी कसली, हें थोडें उलगडून पाहिलें पाहिजे. मोटार वेग घेऊं लागली कीं तिचा भार मागें सरकतो. प्रवाशाची पाठ बैठकींत रुतते ती याच कारणानें. हा भार मागच्या टायरांवर पडतो, आणि ज्या टायरांनीं ढकलावयाचें, त्यांचीच रस्त्यावरील पकड नेमक्या वेळीं वाढते. पुढच्या चाकांकडे मग एकच काम उरतें, तें दिशा देण्याचें. त्यांच्यावर इंजिनाची ओढाताण नसल्यामुळें सुकाणूचक्र हातांत स्वच्छ बोलतें. रस्ता खरबरीत आहे कीं गुळगुळीत, टायर घट्ट धरून आहे कीं सुटूं पाहत आहे, हें बोटांना कळतें. वळण घेतांना उजव्या पायाचा दाब किंचित् वाढवला तर मोटारीचा मागचा भाग थोडा बाहेर सरकतो आणि तोंड वळणाच्या आंत वळतें. अर्थात् अशा मोटारीला सुकाणूं दोन असतात. एक हातांत आणि दुसरें पायाखालीं. ज्याला हीं दोन्ही एका तालांत वागवतां येतात, त्याला घाटांतील एखादें लांब वळण जें सुख देतें, तें सरळ रस्त्यावरील कितीही वेगांत मिळत नाहीं.

परंतु टायराची पकड ही कांहीं अमर्याद ठेव नव्हे. ढकलणें, थांबवणें आणि वळणावर मोटार आडवी धरून ठेवणें, हे तिन्ही खर्च एकाच गांठोड्यांतून व्हावयाचे. वळणावर पकड बहुतेक खर्ची पडली असतां वरून इंजिनाचें बळ सोडलें, तर मागचीं चाकें जागच्या जागीं गरगरूं लागतात, त्यांची आडवी पकड सुटते, आणि मोटारीचें शेपूट तोंडाच्या पुढें जाऊं पाहतें. ओल्या रस्त्यावर हें गांठोडें मुळांतच लहान होतें. यांत सर्वांत मोठा घात करते ती माणसाची स्वाभाविक बुद्धि. शेपूट घसरलें असें वाटतांच घाबरलेला माणूस पाय एकदम उचलतो किंवा ब्रेकवर मारतो. तसें करतांच भार झपाट्यानें पुढें धांवतो, मागचे टायर अधिकच हलके होतात, आणि जी घसरण सांवरण्याजोगी होती ती गिरकी होऊन बसते. खरा उपाय उलटा आहे. ज्या बाजूस शेपूट चाललें त्याच बाजूस पुढचीं चाकें वळवावयाचीं, आणि पायाचा दाब काढावयाचा तो हळूहळू. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत चूक झाली तर बहुधा तोंड वळणाबाहेर जातें, आणि पाय उचलला कीं बहुतेक वेळां परत येतें. भित्र्या माणसाची पहिली हालचाल तेथें कामीं येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बलवान् मोटारींत तीच हालचाल वैरीण होते.

केवळ नवशिक्यांचीच यांत फसगत होते, असें मात्र नाहीं. माइक हॉथॉर्न हा १९५८ सालचा जगज्जेता शर्यतपटु. त्यानें हें पद स्टर्लिंग मॉसहून अवघा एक गुण अधिक मिळवून जिंकलें. हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. १९५५ सालीं ल माँची शर्यतही त्यानें जग्वारमधूनच जिंकली होती, म्हणजे त्या इंजिनाचा स्वभाव त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार? १९५८ च्या ऑगस्टमध्यें न्यूरबर्गरिंग येथें त्याचा जिवलग मित्र पीटर कॉलिन्स शर्यतींत मरण पावला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हॉथॉर्ननें शर्यती सोडल्या. विवाह ठरला होता, वय एकोणतीस. २२ जानेवारी १९५९ रोजीं तो आपल्या जग्वार ३.४ सलूनमधून लंडनच्या दिशेनें निघाला होता. पाऊस होता आणि वाराही जोराचा होता. वाटेंत त्याच्या ओळखीचे रॉब वॉकर मर्सिडीजच्या ३०० एसएल मोटारींतून जात होते. हॉथॉर्ननें त्यांना मागें टाकलें. गिल्डफर्डच्या वळणरस्त्यावर त्याची मोटार सुटली, समोरून येणाऱ्या लॉरीला निसटती लागली आणि झाडावर आदळली. वेग किती होता हें चौकशींत सांगण्याचें वॉकर यांनीं नाकारलें, आणि पंचांनीं अपघाती मृत्यु असा निर्णय दिला. मोटार नेमकी कां सुटली यावर पुढें पुष्कळ लिहिलें गेलें, पण वाद मिटला नाहीं. त्या रस्त्यावर शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतें. एक जुना परिचित पुढें दिसला, एवढेंच.

त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें जग्वारनें या मोटारीची सुधारलेली आवृत्ति काढली. ती मार्क टू. तिच्या खिडक्या मोठ्या केल्या होत्या, चारही चाकांना चकतीचे ब्रेक सर्रास दिले होते, आणि मागच्या दोन चाकांमधील अंतर तीन इंचांहून अधिक वाढवलें होतें. पूर्वीच्या मोटारीचीं मागचीं चाकें पुढच्यांपेक्षां बरींच जवळजवळ असत, त्यामुळें तिची मागची बैठक पुढच्या जड इंजिनाच्या मानानें अरुंद वाटे. नव्या ३.८ लिटरच्या प्रकारांत २२० अश्वशक्ति होती, आणि एक चाक घसरूं लागल्यास सारें बळ त्याच्यावरच वायां जाऊं नये अशी खास योजना मागच्या डिफरन्शियलमध्यें केली होती. तरी मागचा आंस अखंडच राहिला. एका चाकाला खड्डा लागला कीं दुसऱ्यालाही त्याची वार्ता लागावयाचीच.

या मोटारीनें इंग्लंडांत एक मोठी गंमत घडवली. बँका लुटणाऱ्यांना ती प्रिय, आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसांनाही तीच प्रिय. दोघांनाही हवें होतें तें एकच: चार माणसें बसावींत आणि वेगांत कोणी पुढें जाऊं नये. फरक शिक्षणांत होता. पोलीसचालकांना लंडनजवळील हेंडन येथील विद्यालयांत निसरड्या केलेल्या फरशीवर मुद्दाम घसरावयास लावीत, आणि घसरण सांवरतां येईपर्यंत सोडीत नसत. हें शिक्षण ज्या पुस्तकांत ग्रथित झालें तें ‘रोडक्राफ्ट’ १९५५ सालीं सर्वसामान्यांसाठीं प्रसिद्ध झालें. दूरचित्रवाणीवरील इन्स्पेक्टर मोर्सच्या तांबड्या मार्क टूमुळें पुढील पिढीस ही मोटार ओळखीची झाली खरी. पण मोर्सची मोटार २.४ लिटरची, म्हणजे त्या घराण्यांतील सर्वांत मंद! चित्रांत ती शोभते. पाठलागाचें काम मात्र तिच्यावर न पडलेलेंच बरें.

अशी मोटार पदरीं बाळगणें हा निराळाच संसार आहे. वेगाची चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. गंजाची चर्चा करणारा भेटला म्हणजे तो खरा मालक समजावा. या मोटारीला स्वतंत्र सांगाडा नाहीं. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, पुढच्या आडव्या तुळईचे शेवट, आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जेथें अंगाला जोडल्या आहेत त्या जागा, हीं गंजाचीं आवडतीं घरें. वरून रंग आरशासारखा असतांना आंतून पत्रा पापडासारखा झालेला असूं शकतो, आणि मागचा आंस ज्याला धरून आहे तेंच कुजलें असेल तर चालकाचें सारें कौशल्य कोणत्या कामाचें? इंजिनाच्या झडपांचें अंतर लावावयाचें तर दोन्ही कॅमशाफ्ट उतरवून बारीक चकत्या बदलाव्या लागतात. एका दुपारींत उरकण्याचें हें काम नव्हे. पहिल्या कांहीं वर्षांच्या मोटारींत पहिला गीअर मुकाट्यानें पडत नाहीं, तो मोटार उभी असतांनाच टाकावा हें शहाणपण. पेट्रोलची तहान तर विचारूंच नये, ३.८ ची मोटार लिटरला पांच-सहा किलोमीटर चालली तरी मालक समाधान मानतो. जुना टायर दिसावयास कितीही चांगला असला तरी वयानें त्याचें रबर कठीण होतें, आणि कठीण रबर ओल्या रस्त्यावर धरत नाहीं. वर्षाकांठीं थोडी चालणाऱ्या मोटारींचे टायर झिजत नाहींत, म्हणून ते बदललेही जात नाहींत. या एका काटकसरीइतकी महागडी काटकसर दुसरी नसेल.

पुढच्या काळांत अशा मोटारी जर्मनींतही मोठ्या दिमाखानें निघाल्या. बीएमडब्ल्यूची एम५ ही त्यांतील प्रसिद्ध. १९८० नंतरच्या दशकापासून २०१६ पर्यंत तिच्या सर्व पिढ्या केवळ मागच्या चाकांवर चालल्या, आणि बळ वाढत वाढत सहाशें अश्वशक्तीच्या आसपास गेलें. २०१७ सालच्या पिढींत मात्र तें चारही चाकांना वांटून देण्यांत आलें. हौशी माणसासाठीं पुढचीं चाकें मोकळीं ठेवण्याची सोय त्यांत राखली आहे, पण ती मिळते स्थैर्ययंत्रणा बंद केल्यावरच. ही यंत्रणा विद्युत्साधनांनीं प्रत्येक चाकाच्या गतीवर नजर ठेवते आणि घसरण सुरू होतांच एखाद्या चाकाचा ब्रेक आपणहून दाबते. १९९५ सालीं मर्सिडीजनें ती प्रथम विक्रीच्या मोटारींत आणली, आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून युरोपीय संघांत प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. हेंडनच्या फरशीवर जें पायाला शिकवीत, तें आज एक लहानसें यंत्र डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत करतें. त्यानें वांचलेले जीव थोडे नाहींत, आणि ज्यांना हें यंत्र अरसिक वाटतें त्यांनीं गिल्डफर्डचा तो ओला रस्ता एकदां डोळ्यांसमोर आणावा.

मार्क टूमध्यें तें नाहीं. म्हणून तिचा जाणता मालक, पुष्कळ दिवसांच्या उघडिपीनंतर पहिली सर आली, कीं अधिकच सावध होतो. कारण रस्त्यावर सांचलेलें तेल आणि रबर पहिल्याच पाण्यानें वर येतें. तो इंजिन सुरू करतो, तेलाच्या दाबाचा कांटा स्थिर होईपर्यंत थांबतो, आणि फाटकाबाहेर पडतांना पाय इतका अलगद ठेवतो कीं मागचीं चाकें फिरलीं हेंही कोणाला कळूं नये. पहिल्या वळणापूर्वीं, मागें कोणी नाहीं असें पाहून, तो ब्रेक एकदां हलकेच दाबून रस्त्याचा अंदाज घेतो. मागून एक लहान मोटार येते आणि पाणी उडवीत पुढें निघून जाते. मागील बैठकीवरचा मुलगा तिच्याकडे पाहतो, मग वडिलांच्या पाठीकडे, आणि एवढी वेगवान् मोटार असून वडील आज तिला मागें कां टाकत नाहींत, हें त्याला विचारावेंसें वाटतें.